त्या कागदावर सही करू नकोस

घाटकोपर (पूर्व)
रविवार, वंदनेनंतर

प्रिय लेकी मित्रा,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू बोललीस आणि मी ऐकलं. आता मी लिहिते आणि तू वाच. कागदाला "आई, तुला कळत नाही" म्हणून मध्येच कट करता येत नाही. पप्पा उद्या बोरिवलीला येताहेत, त्यांच्याच हाती देते.

कॉलेज तुझी ग्रंथपालाची जागा बंद करणार, तुला अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर बसवणार, आणि "माझी हरकत नाही" अशा कागदावर तू पुढच्या सोमवारी सही करणार. वर मलाच समजावतेस, पगार तोच आहे ना, मग झालं तर. मुलं सगळं फोनवर शोधतात, मी काय नुसती पुस्तकांवरची धूळ पुसत बसू? अगं, धूळ तर मीही पुसते. ग्रंथपाल त्याहून वेगळं काय करतो हे मला दहावी पास बाईला तूच शिकवलंस, आणि आता तूच विसरलीस. राग त्याचा आलाय.

आठवतं, तू ग्रंथालयशास्त्राला होतीस तेव्हा विहाराच्या खोलीतली पुस्तकं लावायला बसलीस? आम्ही बायकांनी धम्माचे ग्रंथ सगळ्यात वरच्या कप्प्यात, काचेमागे, कुलपात ठेवले होते. पुढे रोज ताजं फूल. खाली कथा, त्याखाली स्वयंपाकाची, तळाला शाळेची. पवित्र वर, बाकीचं पायरीपायरीने खाली, एवढंच आमचं शास्त्र. तू विषयवार आकडे घातलेस आणि आकड्यांच्या ओळीत धम्म आला थेट खालच्या कप्प्यात! मी रविवारी उचलून वर ठेवायची, तू पुढच्या रविवारी खाली आणायचीस. शांताबाई म्हणायच्या, मायलेकींनी ग्रंथांची लिफ्ट केलीय. शेवटी तू चिडून म्हणालीस, "आई, तू पुस्तकांना फूल वाहतेस, मी त्यांना माणूस शोधून देते." फूल मी आजही वाहते, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण कुलूप त्या दिवशी काढलं ते काढलंच. तेव्हापासून शांताबाई स्टुलावर बसून हाताला येईल तो ग्रंथ घरी नेतात आणि वाचून परत आणतात.

आणखी एक शिकवलं होतंस. कोणी पुस्तक मागितलं की लगेच कपाटाकडे धावायचं नाही, आधी विचारायचं, कशासाठी हवंय. माणूस मागतो एक, त्याची अडचण असते दुसरीच. मागल्या महिन्यात मॉलमध्ये कॅश काउंटरला बसणारी चेतना विहाराच्या वाचनालयात आली. "मावशी, शुगरचं पुस्तक आहे का?" आपल्या विहार कमिटीचे अध्यक्ष नंदकुमार भाऊजी तिथेच बसले होते. त्यांनी झटकन फोन काढला, त्यालाच बोलून विचारलं आणि वाचून दाखवलं, सकाळी अनशापोटी कारल्याचा रस, भात बंद. "बघा वहिनी, दोन सेकंदात काम झालं!" मी चेतनाला विचारलं, शुगर कुणाला गं? तर तिच्या निधीला. सातवीतली पोर, इन्सुलिनवर आहे. पुस्तक हवं होतं ते शाळेला दाखवायला. वर्गात सुई आणि खाऊचा डबा जवळ ठेवू देत नव्हते, बाई म्हणत सुट्टीत खा. मग चेतनाला कारल्याचा रस काय कामाचा?

मी तुला फोन लावला. तू जेवणाच्या सुट्टीत होतीस. अशा मुलांना सुई-डबा जवळ ठेवू द्यावा असं सांगणारा पहिला कागद सापडला तो दुसऱ्या शिक्षण बोर्डाचा निघाला, तो तू बाजूला टाकलास. मग तारीख बघून, तिच्या शाळेला लागू पडेल असा पाठवलास. अर्ज कसा लिहायचा ते मी आपल्या कपाटातल्या पत्रलेखनाच्या पुस्तकावरून चेतनाला दाखवलं. आता निधीचा डबा तिच्या बाकात असतो. सांग मला, तू पाठवलास तो कागद कपाटात होता का? नव्हता, तुझ्या कॉम्प्युटरवर होता. मग ते काम ग्रंथपालाचं नव्हतं का? कपाट गेलं, कॉम्प्युटर आला, उद्या आणखी काही येईल. ढिगातून खरं कुठलं, जुनं कुठलं, या माणसाच्या उपयोगाचं कुठलं, हे निवडायला कोणीतरी लागणारच ना? ढीग वाढला तर ते काम वाढलं की संपलं? तुझ्या कॉलेजातल्या शिकल्यासवरल्यांनी एवढं उत्तर द्यावं आणि मग खुशाल तुझी खुर्ची उचलावी.

चेतनाचं काम झालं म्हणून भाऊजी बदलले असं समजू नकोस. गेल्या रविवारी कमिटीत त्यांनी ठराव मांडला, वाचनालयाची खोली कोचिंग क्लासला भाड्याने द्यायची आणि पुस्तकं माळ्यावर टाकायची. मी म्हटलं, अजिबात नाही. महिला मंडळाचा हिशेब मी सांभाळते, भाड्याचा मोह मलाही कळतो. पण ती खोली माणसांनी आपल्या पोटाला चिमटा काढून बांधली ती कुणाच्या क्लाससाठी नाही. भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, रजिस्टर तुम्ही झकास ठेवता, पण नियमाने ग्रंथालय चालवायचं तर प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. आहे का आपल्याकडे? असेल तर मी ठराव मागे घेतो." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, आहे. सगळ्यांना वाटलं मी तुझंच नाव घेणार. पप्पांनाही तेच वाटलं.

तुझं नाव नाही घेतलं, मित्रा. माझं घेतलं, म्हटलं प्रशिक्षण मीच घेते. ग्रंथालय संघाच्या प्रमाणपत्र वर्गाला दहावी पास चालतं, हे तूच कधीतरी बोलली होतीस. मी जाऊन नाव घालून आले. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, आजी, फॉर्म कुणासाठी? मी म्हटलं, आजी म्हण, पण पावती माझ्या नावाने फाड. वर्ग पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी आहे. नाव घातल्याचं पप्पांना आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, शनिवारचा स्वयंपाक मी करीन. या वयात मी तुझ्या धंद्यात पाय ठेवतेय, आणि तू त्यातून बाहेर पडायला निघालीस? पुढच्या सोमवारी कॉलेजला लिहून दे, माझी हरकत आहे. काढायचं तर त्यांनी काढावं, तुझ्या सहीने नाही. आणि त्याआधी शनिवारी घरी ये. फॉर्मबरोबर मिळालेल्या पुस्तकातला वर्गीकरणाचा पहिला धडा मला काही केल्या कळत नाहीये, आणि तो मला ग्रंथपालाकडूनच शिकायचाय.

रागावलेली, पण तुझीच,
आई