दोष आढळला नाही

प्रिय ठकू,

तुझे चार फोन आले आणि मी चारही उचलले नाहीत. तब्येत ठणठणीत आहे, जावईबापूंनाही सांग, उगाच कुणाला बघायला पाठवू नका. फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. मी चिडले की माझा आवाज चढतो, तू चिडलीस की फोन ठेवतेस, आणि मग दोघी पंधरा दिवस फुगून बसतो. म्हणून पत्र लिहायला घेतलंय. शेवटपर्यंत वाच, मधेच सोडून जावईबापूंकडे देऊ नकोस.

पहिली बातमी ही की लवादाचा निकाल लागला, आणि माझ्या बाजूने लागला. कंपनीने ही गाडी परत घ्यायची आणि तीस दिवसांत मला त्याच जातीची नवी कोरी द्यायची. गाडीत पहिल्या दिवसापासून दोष होता असं स्वच्छ शब्दांत लिहून दिलंय. तू म्हणशील, मग आता कुरकुर कसली? आनंद झालाय ग, नाही असं नाही. पण आठ महिने माझं डोकं इतकं पिकवलंय या लोकांनी, की आनंदाला जागाच उरलेली नाही.

एकतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. एक बाई तर ब्रेक मारताना डोळे मिटून घ्यायची, तिलाही लायसन्स मिळवून दिलं. तुला शिकवलं, तेव्हा समोरच्यांचं कुंपण तू दोनदा पाडलंस आणि दोन्ही वेळा माफी मागायला मी गेले. आणि अशा मला सर्व्हिस सेंटरचा तो मॅनेजर सांगतो, आजी, चुकून भलतंच काही दाबलं जात असेल. अरे, मी कुणाची आजी ते मी ठरवीन ना! मला आजी म्हणायचा हक्क जगात एकाच व्यक्तीला आहे, ती सात वर्षांची आहे, आणि गेले अकरा शनिवार तिला माझ्या गाडीत बसायची परवानगी नाही. या सगळ्या भांडणात मला हवं होतं ते एवढंच. भिंगरीचा शनिवार. नव्या गाडीचं मला काय कौतुक.

तुला मी हे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं असेल, पण तू तेव्हा कामात असायचीस, म्हणून पुन्हा सांगते. गाडी सरळ रस्त्यावर सुतासारखी चालायची. मोठं वळण आलं, विशेषतः तो बाजाराजवळचा गोल चौक, की मधेच इंजिन गप्प. स्टिअरिंग जड, ब्रेकवर उभं राहिलं तरी तो दबायला तयार नाही, मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. आणि मिनिटभराने चावी फिरवली की बाईसाहेब जणू काही झालंच नाही अशा सुरू! पहिल्यांदा नेली तेव्हा दोन दिवस ठेवून घेतली. दुसऱ्यांदा चार दिवस. कॉम्प्युटर लावला, काही दाखवत नाही म्हणाले. दोन्ही वेळा हातात कागद, ‘दोष आढळला नाही’. मी वैतागले, पण निदान तोवर तो माणूस माझ्याशी गाडीबद्दल बोलत होता. कुठल्या वेगाला, कुठल्या वळणावर, असं विचारत होता.

तिसऱ्या खेपेला त्याचं काहीतरी बिनसलं होतं. बिनसलं म्हणजे काय, तो एकदम गोड झाला. खुर्ची दिली, पाणी दिलं, मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात. झोप लागते का विचारलं. गोळ्या चालू आहेत का विचारलं. गाडीबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून परत दिली, आत सुगंधी पुडी लटकवलेली, आणि म्हणाला, गाडी अगदी उत्तम आहे, आता तुम्हीच जरा आराम करा. मी मूर्ख, मी त्याचं ऐकलं. आराम केला नाही, पण गाडी उत्तम आहे हे ऐकलं. तीन-तीनदा तपासून सांगतायत म्हणजे असेल, असं मनाला समजावलं आणि दोन आठवड्यांनी एका शनिवारी भिंगरीला पोहण्याच्या क्लासवरून आणायला गेले.

पुढचं तुला ठाऊक आहे. चौकात गाडी मेली. मागचा ट्रक थांबला तेव्हा त्याच्या आणि आपल्या डिकीच्या मधे हात घालायला जागा नव्हती. भिंगरी मागे ओले केस घेऊन बसली होती, तिने फक्त विचारलं की आपण का थांबलो. तुला सगळं खरं सांगितलं, आणि तू एवढंच म्हणालीस की यापुढे भिंगरीला आम्हीच आणू. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू समजूत घातल्यासारखं बोललीस, त्याने मला जास्त लागलं.

चौथी खेप सांगत नाही, तेच रडगाणं. मग मी घरी येऊन वॉरंटीचं पुस्तक भिंग लावून पहिल्या पानापासून वाचलं. शेवटून दुसऱ्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, की चार वेळा नेऊनही दोष गेला नाही तर ग्राहकाला स्वतंत्र लवादाकडे जाता येईल. वकील नको, फी नाही, आणि लवाद जे ठरवेल ते कंपनीवर बंधनकारक. मॅनेजरला विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं, तर म्हणतो, कुणी विचारतच नाही. मग अर्ज, अर्जाला पुरावे, पुराव्यांच्या प्रती, एक प्रत पुसट आली म्हणून सगळं परत. फोन करावा तर ‘कृपया थांबा’ म्हणून पंचवीस मिनिटं पेटीचं संगीत ऐकवायचे. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

सुनावणी चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत झाली. लांब टेबल, सहा खुर्च्या, बंद पडलेला पंखा. लवाद म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर, अंगाने वाळकुडे, खिशात दोन चष्मे. कंपनीकडून त्यांचा एक इंजिनिअर आणि आपला गोड मॅनेजर. लवादांनी माझी वही मागितली. तुला ती वही माहीत आहे, तू तिची नेहमी टर उडवायचीस. प्रत्येक फेरीला वेळ, रस्ता, किलोमीटर आणि काटा कुठे होता ते मी एकतीस वर्षं लिहितेय. त्यांनी अर्धा तास ती वाचली, एकदा या चष्म्याने, एकदा त्या. गाडी नऊ वेळा बंद पडली होती, आणि नऊही वेळा पेट्रोलचा काटा तळाला आलेला. मग त्यांनी बोट ठेवून मला विचारलं की सर्व्हिसला नेण्याआधी दर वेळी टाकी फुल्ल का केली. मी म्हटलं, गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची तर भरून द्यावी, मी माझ्या पोरांना तेच शिकवलंय. ते हसले आणि म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही पेशंटला बरं करून मग डॉक्टरकडे नेत होतात.’’ इतकी शरम वाटली मला. टाकीतल्या पंपातच खोट होती, पेट्रोल कमी असलं की मोठ्या वळणावर ते एका बाजूला जायचं आणि पंपाला मिळायचंच नाही. माझी शिस्तच माझ्या मुळावर आली होती.

लगेच सगळे चौकात गेलो. टाकीतलं पेट्रोल आधी काढून कमी केलं. चालवायला मी नाही, कंपनीचा इंजिनिअर बसला, म्हणजे पुन्हा कुणी माझ्या पायांकडे बोट दाखवायला नको. तिसऱ्या फेरीला गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले, तो बिचारा घामाघूम होऊन चावी फिरवत होता, आणि मी मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसले होते. आठ महिन्यांतली तेवढी दोन मिनिटं मला छान वाटलं.

आता ठकू, चौकात जाण्याआधीची एक गोष्ट मी मघाशी गाळली. ती सांगायलाच हे पत्र आहे, बाकीचं सगळं तिथवर यायचं धैर्य गोळा करायला लिहिलं. लवादांनी मॅनेजरला विचारलं, तिसऱ्या खेपेला नक्की काय तपासलंत? त्याने जॉबकार्ड काढून वाचलं. ‘‘ग्राहकाच्या मुलीचा फोन. आई वयस्क, हल्ली गोंधळतात. गाडीत दोष नाही असे समजवावे व गाडी न चालवण्याबद्दल सुचवावे. गाडी धुऊन परत.’’ म्हणजे तुझ्या फोननंतर गाडी कुणी उघडलीच नाही. आणि दोनच आठवड्यांनी मी तिच्यात भिंगरीला बसवलं. खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझ्या मुलीला माझी काळजी वाटते. आवाज न कापता म्हटलं. हे निकालात तिसऱ्या पानावर आहे, प्रत सोबत ठेवली आहे, दुसऱ्या कुणी दाखवण्यापेक्षा तू माझ्याकडूनच वाचावंस. तू मला धोक्यात घालायला फोन केला नव्हतास, हे मला कळतं. तुला भीती वाटली आणि मला सांगायचा धीर झाला नाही. टाकी भरून माझीही चूक झालीच आहे, म्हणून मी तुला एकटीला दोष देत नाही. पण तीन आठवडे झाले, मला झोप नाही. तुला वाटलं मी म्हातारी झाले, याचं नाही ग वाईट वाटत. कधीतरी होणारच आहे मी. वाईट याचं वाटतं की ते एका परक्या माणसाला माझ्याआधी कळलं. नवी गाडी आली की एका शनिवारी माझ्या शेजारी येऊन बस, भिंगरीला घरी ठेवून. तासभर मी चालवीन, तू फक्त बघ. त्यानंतरही वाटलं की मी चालवू नये, तर मी चावी तुझ्या हातात देईन, एक शब्द न बोलता. फक्त ते मला सांग, माझ्या तोंडावर.

रागावलेली, तरीही तुझीच,
आई