पिवळ्या डब्यावरच्या दोन ओळी

मी, खाली सही करणार, वय एकोणऐंशी, धंदा दुकानांच्या पाट्या आणि लाकडी खेळणी रंगवण्याचा, शिक्षण पहिलीपर्यंत. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतात ते वयामुळे. कोणी माझा हात धरून हे लिहून घेतलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. टाचणी निघाली तर दुसरी प्रत टेबलाच्या खणात आहे.

१. राहते घर मुलाच्या आणि सुनेच्या नावे, दोघांना सारखे. एक अट. आतली दारे-खिडक्या मी पूर्वी, ज्याचे पुढे लिहिले आहे, त्या पिवळ्या रंगाने रंगवली आहेत. ती कोरडी घासू नयेत, धूळ छातीत जाते. माहितगार माणसाकडून, ओली करून, नाकातोंडाला मास्क लावून तो रंग काढून घ्यावा. तेवढे दिवस नातीला तिच्या मामाकडे ठेवावे. मुलगा म्हणेल, "बाबांचं आपलं काहीतरी." म्हणू दे, पण ठेवावे.

२. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणाला.

३. माझे ब्रश कोणालाच देऊ नयेत. कारण लिहितो.

बारीक रेघ ओढायची तर ब्रशाचे टोक ओठांनी काढायचे, असे मला माझ्या उस्तादांनी शिकवले. तेच मी बायकोला शिकवले. खेळण्यांचे डोळे, भुवया ती काढायची. हात माझ्यापेक्षा चांगला. पिवळा लावताना म्हणायची, "हा गोड लागतो हो." मी म्हणायचो, "मग उद्यापासून चहात घाल." दोघेही हसायचो.

एकदा नवा डबा आणला. तिने विचारले, "काय लिहिलंय हो त्यावर? एवढं बारीक?"

ती शाळेत गेलेली नव्हती. हातभर उंचीची अक्षरे काढणारा नवरा म्हणजे तिला पंडितच वाटे. खरे असे की मी अक्षरे चित्रासारखी बघून काढत असे. जोडाक्षर आले की वाचताना अडायचो. डब्यावर पहिला शब्द 'शिसे' असा सुरू होता, पुढे 'क्त' होते, तिथे गाडी थांबली. मनात आले, शिसे म्हणजे शिसपेन्सिलीतले, त्याने काय होते. येत नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हटले, "कंपनीचा पत्ता आहे."

त्यानंतर अकरा वर्षे ती त्या पत्त्यावर विश्वास ठेवून टोक काढत होती. आधी पोटात कळा, मग विसराळूपणा, मग मनगट उचलेना. कप हातातून पडला की माझ्याकडे बघून म्हणायची, "आज हात माझं ऐकत नाही." डॉक्टरांनी रक्त तपासून शिसे सांगितले, तेव्हा उशीर झाला होता.

ती गेल्यावर शेजारच्या शिक्षिकाबाईंनी मला जोडाक्षरे शिकवली. वाचायला आल्यावर पहिला तो डबा वाचला. शिसेयुक्त. विषारी. मुलांपासून दूर ठेवा, तोंडात जाऊ देऊ नका. दोन ओळी. पत्ता होता, पण तिसऱ्या ओळीत.

तेव्हापासून दुपारी टेबलावर ऊन आले की ती डाव्या बाजूला उभी राहते. एवढेच विचारते, "काय लिहिलंय हो त्यावर?" मी तिला अजून उत्तर दिलेले नाही.

४. रंगाच्या दुकानदाराला टेबलपंखा देण्याचे कबूल केले होते, ते रद्द. बायको गेल्यावर मी विचारायला गेलो तर म्हणाला, "काका, रंग काय खायचा असतो का?" आता तोच माणूस डब्यावर हिरवे पान दाखवून 'नैसर्गिक' म्हणून विकतो. पिवळा विषारी दगडही नैसर्गिकच असतो. पंखा शिक्षिकाबाईंना द्यावा.

५. नातीला चित्रे काढायची आहेत. काढू द्यावीत, अडवू नये. रंग पाण्यात विरघळणारे आणि लहान मुलांसाठी तपासलेले घ्यावेत. डब्यावर आत काय काय आहे ते लिहिलेले नसेल तर दुकानातच ठेवून यावे. सुटी भुकटी आणू नये. टर्पेंटाइन घरात नको. टोक ओल्या फडक्यावर काढावे, आणि रंगाच्या हाताने काही खाऊ नये. शिसपेन्सिलीत शिसे नसते, हे मला बाईंकडून कळले. ती बिनधास्त वापरावी.

६. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजच लागू करावे.

मी ब्रश धुऊन, केस पसरून सुकवतो. गेल्या मंगळवारी दुपारी त्यातल्या एकाचे टोक सुईसारखे निघालेले होते, आणि ओले. तिने केले असेल तर मला भीती नाही. नातीने केले असेल तर आहे. तिला विचारले, तर म्हणाली, "आजोबा, मी नाही." पण ओठ पुसत म्हणाली. मी ब्रश आणि डबे कपाटात घालून कुलूप लावले. मुलाला सांगितले, तर म्हणाला, "बाबा, तुम्हाला आता पाण्यातही विष दिसतं." म्हणून कागदावर लिहितो: नातीचे रक्त शिशासाठी तपासून घ्यावे. सुनेने स्वतः न्यावे, ती विसरत नाही.

७. उरलेले डबे आणि ब्रश मोरीत, मातीत टाकू नयेत, जाळू नयेत. झाकणे घट्ट लावून, घातक कचरा घेणाऱ्यांच्या हाती द्यावेत. चावी सुनेकडे दिली आहे.

सही करण्याआधी मी पिवळा डबा हातात घेतला आणि टेबलाच्या डाव्या बाजूकडे तोंड करून त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. 'क्त'ला अडलो नाही. साक्षीला आलेला कंपाउंडर खाली बघत होता. बाई म्हणाल्या, "बरोबर वाचलंत." सुनेने नातीच्या रक्ततपासणीसाठी उद्या सकाळी आठची वेळ घेतली आहे.

हे मृत्युपत्र मला कोणी वाचून दाखवलेले नाही. मी स्वतः वाचले आहे, जोडाक्षरांसह.

साक्षीदार:
१. शेजारच्या शिक्षिकाबाई (सही)
२. दवाखान्यातला कंपाउंडर (सही)

लिहून देणार: पाटीवाला (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १६, सोमवार, दुपारी, टेबलावर ऊन असताना