लिहिलं म्हणून सांगणारी डिस्क

४ मार्च

सर्व्हरमधली एक डिस्क सकाळी गेली. दोन होत्या. दोन्हींवर एकच मजकूर, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर काम निभतं. निभतंय. पण ही दुसरी त्याच खोक्यातून आली होती, नऊ वर्षांपूर्वी. तेवढीच झिजलेली.

तिच्यावर सहा हजार चारशे कुटुंबांच्या रक्ताच्या चाचण्या आहेत – ज्यांची माणसं युद्धात उचलून नेली नि परत आली नाहीत, त्यांच्या. आणि यानोसच्या मैदानात खड्ड्यांतून निघालेल्या हाडांच्याही. कोणाचं कोणाशी जुळतं ते शोधायचं, एवढंच आमचं काम. यंत्रांची जबाबदारी माझी एकटीची.

५ मार्च

आमचे प्रमुख डॉक्टर एलिएसेर बार्रागान. कोरडा माणूस. सांगितलं तर वरही बघितलं नाही. "प्रती आहेत ना?"

"आहेत."

"उघडून बघितल्यास कधी?"

नव्हत्या बघितल्या. दुपारी बघितल्या. एकूण एक रिकाम्या. फाईल आहे, नाव आहे, तारीख आहे, आत काही नाही. फरशीवर बसून राहिले.

६ मार्च

सगळ्याची प्रत एकदम घ्यायला गेले. दहा मिनिटांत डिस्क कटकट वाजायला लागली, सर्व्हर थिजला. बंद केला. तिसऱ्या खेपेला पुन्हा चालू झाला. आता थोडं थोडं घ्यायचं – दिवसाला दोनशे कुटुंबं, नव्याकडून जुन्याकडे, बाहेरच्या डिस्कवर. कामाचे बत्तीस दिवस. तेवढे दिवस तग धरेल?

प्रतींचं डॉक्टरांना सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "नवा सर्व्हर तू निवड. सही तुझी," एवढंच म्हणाले.

११ मार्च

बोगोताहून फाबियो आला, सर्व्हर विकणारा. गोडबोल्या. त्याच्याकडे दोन तऱ्हेच्या डिस्क. एक उद्या मिळते. दुसरी तेवढीच वेगवान, पण वीज गेली तरी हातातलं लिहून पुरं करते – ती सहा आठवड्यांनी.

"इंजिनीअरबाई, तुमच्याकडे वेळ कुठाय? उद्याची घ्या. कोणी फरक दाखवला तर मिशी उतरवतो."

खरं सांगायचं तर मलाही उद्याचीच हवी होती. भ्यालेला माणूस जवळचं दार धरतो.

१३ मार्च

त्याच्याकडून उद्या मिळणारी डिस्क नमुन्यादाखल मागून घेतली. तिच्यावर खोट्या नोंदी लिहायला लावल्या आणि मधेच प्लग उपटला. एप्रिलचा पाऊस लागला की इथे वीज अशीच जाते, आणि गेल्या पावसात बॅटरीनेही दोनदा दगा दिला होता.

वीसदा उपटला. सात वेळा नोंदी गायब – ज्या "लिहिल्या" म्हणून डिस्कने कळवलं होतं त्याच. एखाद्या आईने रक्त द्यायचं, यंत्राने मिळालं म्हणायचं, आणि ते कुठेच नसायचं.

सहा आठवड्यांनी मिळणाऱ्या डिस्कवर सही केली. चार, वेगवेगळ्या खोक्यांतल्या. नव्या सर्व्हरची मेमरीही सगळी नोंदणी एकदम मावेल एवढी. जुन्या यंत्रावर सगळ्यांची सगळ्यांशी तुलना कधी झालीच नाही.



३० मार्च

जुनी डिस्क पुन्हा वाजली. थांबली. मग पुढची दोनशे घेतली.

२ एप्रिल

चार हजार झाली. पाऊसही सुरू झाला. गडगडलं की मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन उभी राहते. उभं राहून काय होणार आहे?

१६ एप्रिल

गेली. साडेदहाला. डिस्कने आवाजसुद्धा केला नाही.

सहा हजार वाचली. राहिली ती चारशे, पहिल्या वर्षीची. तेव्हा रक्ताचे नमुने जपून ठेवत नव्हते. डॉक्टरांना सांगितलं तर या वेळी त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "पहिल्या वर्षीची. बरं." मग म्हणाले, "कुटुंबांना तू सांग."

उद्याची डिस्क घेतली असती तर ही चारशे वाचली असती का? दिवसभर हेच.

१७ एप्रिल

बेपत्ता मुलांच्या आयांच्या संघटनेच्या उबाल्दिनाबाईंकडे गेले. त्यांचा मुलगा बावीस वर्षांपूर्वी नेला; रक्त दिलेल्यांत त्याही पहिल्या वर्षीच्याच. वाक्य पाठ करून गेले होते, तोंडातून फक्त "माझी चूक" निघालं. त्यांनी तिंतो – काळी कॉफी – पुढे ठेवली, मग म्हणाल्या,

"रक्त काय, पुन्हा होतं. पण पोरी, आता माझं नाव लिहिलंस की ते लिहिलंय हे मला दाखव. डोळ्यांनी."

२५ एप्रिल

नवा सर्व्हर आणि चार डिस्क आल्या. बसवल्या, आणि भरल्या कामात वीस वेळा प्लग उपटला. एक नोंद हलली नाही. बाहेरच्या डिस्कवरची सहा हजार चढवली. प्रत काढली आणि उघडून बघितली. आता रोज उघडते.

१० मे

चारशेतले तीनशे एक्क्याण्णव जण येऊन पुन्हा रक्त देऊन गेले. मला फक्त क्रमांक दिसतात; जुळलं तरच नाव उघडायचं. उबाल्दिनाबाईंना मात्र त्यांची नोंद पडद्यावर दाखवली. त्यांनी बोट टेकवून वाचली.

उरलेले नऊ वारले आहेत. त्यांचं पुन्हा होणार नाही.

२१ मे

सगळ्यांची सगळ्यांशी तुलना दुपारी संपली. अकरा जुळले.

त्यांतला पहिला रक्ताचा नमुना पुन्हा दिलेल्यांतला, सहा मेचा. नाव उघडलं. रक्त देणारे, वडील – एलिएसेर बार्रागान.

डॉक्टर दाराशी उभे होते. "किती?"

"अकरा," मी म्हणाले. खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.