हरवली की टाकली

फंगशी, ९ नोव्हेंबर

प्रिय सूछिनताई,

नमस्कार. तू आणि भावोजी बरे असाल. इकडे थंडी पडायला लागली. डोंगरावरची तेलबी यंदा आपल्याकडून कुणीच उतरवली नाही. शेजारच्या फुकाकांनी स्वतःची काढताना आपलीही काढून दिली. माझी शाळा नेहमीसारखी. नववीचे दोन वर्ग, तपासायच्या इंग्रजीच्या वह्यांचा ढीग.

फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

आई इंग्रजी शिकली. हसू नकोस. वसंतात आपल्या बहिणीचा, शिआओमानचा पत्ता लागला. रक्त जुळवून हरवलेली माणसं शोधणारे लोक असतात, त्यांनी शोधलं. ती कॅनडात असते, नाव वेगळं आहे, मुलांना चित्रकला शिकवते. आपली चिनी भाषा तिला येत नाही. मी म्हणालो, फोनमध्ये बोललीस तर फोनच भाषांतर करतो. आई म्हणाली, "यंत्र नको. मी माझ्या हाताने लिहीन. लोकांच्या पोरांना शिकवतोस, आईला शिकवायला काय होतंय?"

रोज मिरच्या निवडून झाल्या की बोटं धुऊन बसायची. अक्षरं आली, शब्द आले, आणि पत्राचं पहिलंच वाक्य अडलं. ती म्हणाली, "लिहून दाखव, मी तुला दिउ केलं."

"म्हणजे नक्की काय?"

"दिउ म्हणजे दिउ. मास्तर तू का मी?"

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. आपल्या एका 'दिउ'मध्ये हरवणंही येतं आणि टाकून देणंही. इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात. मी तिला सांगितलं, "लॉस्ट म्हणजे हातून हरवली, तुझा दोष नाही. अबॅन्डन्ड म्हणजे जाणूनबुजून टाकली." आणि तिला न विचारता 'लॉस्ट' लिहायला लागलो.

तिने माझा हात धरला. "तो नको. दुसरा लिही."

"आई, ती दुखावेल."

"सूछिनला मी हाच तर सांगितला होता. एवढीशी पोर, बाजारात बहिणीला हाका मारत हिंडायची. लोकांच्या टोपल्या उघडून बघायची. मी दारात उभी राहून ऐकायचे. बापाने नुसती नेऊन ठेवली रे. दुपट्यात मीच गुंडाळली होती."

दुसरा शब्द तिने स्वतः लिहिला, एकेक अक्षर विचारत. ताई, खरं कळल्यापासून तू आमच्याशी बोलत नाहीस; आई ते सगळं विसरली असं तुला वाटत असेल. तुला कळव असं ती म्हणाली नाही. मीच कळवतोय.

उत्तर उन्हाळ्यात आलं. चारच ओळी. खरं सांगितल्याबद्दल आभार मानले होते. शेवटी लिहिलं होतं, 'आय विश आय कुड कम.' मी शाळेतून यायच्या आत आईने कोशात शब्द शोधलेले. विशच्या पुढे आपला 'शीवांग'. अंगणातच मला गाठलं, "येणार म्हणते! शीवांग आहे तिला, बघ!"

होपलाही, म्हणजे आशेलाही, आपल्याकडे शीवांगच म्हणतात. पण होप म्हणजे घडू शकतं, आणि इथलं विश म्हणजे यावंसं वाटतं, पण येणं होणार नाही. यात चुकणाऱ्या मुलांचे मी गुण कापतो. आईला म्हणालो, "हो. येणार म्हणते."

तिने वरची खोली झाडून घेतली. नवी दुलई शिवायला टाकली.

आता जे लिहायचं ते टाळत इथपर्यंत आलोय. ऑगस्टमध्ये तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, नानचांगला न्या, लगेच कापली तर आशा आहे. आई जागची हलेना. "मी तिकडे पडून राहिले आणि पोर आली तर? दाराला कुलूप बघून माघारी जाईल." मी ओरडलो, जेवण टाकलं, तिच्या पाया पडलो. एक वाक्य खरं बोललो असतो तर ती निघाली असती. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. ती दुलई उन्हात टाकताना दिसायची आणि जीभ उचलत नसे. आता डॉक्टर म्हणतात, कापून उपयोग नाही. नवं वर्ष बघणार नाहीत.

तिला आता माणसं नीट ओळखू येत नाहीत. काल फुकाकू पेज घेऊन आल्या, तर त्यांना शिआओमान म्हणून बसायला पलंगावर जागा करून दिली.

ताई, ये. मी स्टेशनवर येईन. पण तुला अंधारात ठेवून बोलावणार नाही. तू दारातून आत आलीस की ती तुलाही तीच समजेल. हात धरेल, त्याच नावाने हाक मारेल. ज्या नावाने तू बाजारभर ओरडत फिरलीस, त्या नावाला तू ओ द्यावीस, की 'मी सूछिन' म्हणावंस, हे मी सांगू शकत नाही. तिच्यासाठी एक शब्द मी निवडला, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

तू जे म्हणशील त्याला मी हो म्हणेन. फक्त तिला ऐकू येतंय तोवर ये.

तुझा धाकटा भाऊ,
लिआंगफू