चांदीतल्या घुबडांविषयी

तीर्थस्वरूप दादांना सविनय नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे, आणि ती मी या वाक्यापुरती पाळली आहे. पुढचा मजकूर बसून वाचावा. मी फार दमलो आहे; तरीही विषय नीट समजावा म्हणून मुळापासून सुरुवात करतो (माझ्या या सवयीविषयी तुमच्या बहिणीचे मत तुम्ही ऐकलेले आहेच).

थंडी पडू लागली की तुमच्याकडून बाबांच्या नावाने चॉकलेटच्या घुबडांची पेटी येते. आतून पोकळ, बाहेरून रंगीत चांदीत गुंडाळलेली, डोळे वटारून बसलेली घुबडे. आता असे पाहा, फळांना हंगाम असतो तो झाडामुळे. चॉकलेटला असतो तो दुकानाच्या काचेमुळे. थंडीत घुबडे, थंडी सरली की ससे. सोंग बदलते, आतला ऐवज तोच. मूळ कोको इतका कडू असतो की त्याच्या वाटेला कोणी आपण होऊन जाणार नाही; माणूस भुलतो तो त्यात ओतलेल्या साखरेला. वेष्टनावर घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि तुमच्या घुबडात साखर पहिल्या पाटावर बसली आहे. शिवाय पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत माणूस दुसऱ्या घुबडाचे कान मोडू लागतो. (हे सारे मी परिचारिका विद्यालयात दर वर्षी आकृत्या काढून शिकवतो. मधल्या सुट्टीत विद्यार्थिनी क्रीमची बिस्किटे खात खात येतात आणि ‘सर, आज अगदी पटलं’ असे सांगून जातात.)

बाबांच्या मोतीबिंदूचे तुम्हाला ठाऊक आहे. रक्तातली साखर उतरल्याखेरीज डोळ्याला हात लावणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे, आणि ते योग्यच आहे. साखर चढलेली असली की जखम भरायला रेंगाळते आणि जंतूंचे फावते. शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जात आहे. जन्मभर लोकांची घड्याळे दुरुस्त केलेला माणूस आता स्वतःच्या घड्याळाची काच काढून काटे बोटाने चाचपतो. ते पाहवत नाही. तुमच्या बहिणीने एके दिवशी मला सांगून टाकले, ‘‘एवढं जगाला शिकवतोस ना? मग बाबांची साखर तू उतरवून दाखव.’’

मी कामाला लागलो. जेवणाच्या टेबलावर एक घुबड ठेवले, शेजारी तेवढीच साखर पेल्यात भरून ठेवली आणि स्वादुपिंडापासून विषय उलगडला. बाबांसारखा श्रोता मला वर्गात कधी लाभला नाही. मान डोलवत होते, शंका विचारत होते. ‘‘मास्तर, पंखातही तेवढीच असते का हो?’’ असेही विचारून घेतले. मोह लपवून ठेवू नये, त्याच्या डोळ्याला डोळा द्यावा, असे माझे मत असल्यामुळे सगळी घुबडे मी दर्शनी कपाटात काचेमागे ओळीने मांडली. रोज सकाळी जाऊन पाहत असे. एकही हलले नाही. व्याख्यानाचा असा परिणाम मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि बाबांची साखर चढत गेली.

मग माझा संशय बटाट्यावर गेला. बटाटा बंद केला. नंतर द्राक्षे, पाव, खोकल्याचे औषध आणि साखर तपासायचे यंत्र, या क्रमाने एकेकावर आळ घेतला. यंत्र बदलून आणले, तर नवे यंत्र जुन्यापेक्षा फटकळ निघाले. शेवटी घरात उकडलेला दुधी तेवढा उरला. माझी विजार कमरेवर टिकेना. तुमची बहीण माझ्याशी केवळ भांड्यांच्या आवाजाने बोलू लागली.

काल नेहमीचे डॉक्टर घरी आले. पथ्यात कसूर नाही याचा पुरावा म्हणून मी त्यांना कपाटापाशी नेले, मोठ्या अभिमानाने दार उघडले आणि (आतल्या धुळीमुळे) मला शिंक आली.

दादा, घुबडे उडाली. अख्खी ओळ उडाली. एक डॉक्टरांच्या कोटावर जाऊन बसले. त्यांनी ते बोटाने दाबले, तर ते चपटे झाले. नुसती चांदी! आतले चॉकलेट खाऊन, चांदीची घडी न् घडी बोटांनी चाचपून, बाबांनी प्रत्येक घुबड पुन्हा जसेच्या तसे उभे केले होते. चोच शाबूत होती. कानसुद्धा.

‘‘बाबा!’’ तुमची बहीण ओरडली.

‘‘ओरडतेस काय? मुळात पोकळच होती,’’ बाबा म्हणाले. ‘‘मी जरा जास्त पोकळ केली.’’

‘‘इतकं आवडतं चॉकलेट?’’ डॉक्टरांनी विचारले.

‘‘छे हो! घसा खवखवतो. पण रविवारी माझ्या लेकाचा फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, ‘बाबा, घुबडं आवडली का?’ न खाता हो म्हणू? खोटं बोलणं मला जमत नाही.’’

(ही चांदीची फौज मग काय होती, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तुमच्या बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी तो गिळला.)

असो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत राहा.

तुमचा,
दमलेला मेहुणा

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण राहिलेच. यंदा ससे पाठवू नका. आणि रविवारच्या फोनवर खाण्याचा विषय काढू नका. दुसरे काहीही विचारा. त्यांच्या टेबलावर एक जुने गजराचे घड्याळ उघडून पडले आहे, ते का वाजत नाही एवढे विचारलेत तरी तासभर बोलतील.

आणखी ता. क. वरचे वाक्य लिहीत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. ‘‘काय लिहितोयस?’’ म्हणाले. ससे पाठवू नका असे लिहितो आहे, म्हणून सांगितले. मग म्हणाले, ‘‘अरे, मग तो फोन कशाला करेल?’’

शेवटचा ता. क. तेव्हा पहिला ता. क. रद्द समजावा. ससे पाठवू नका, स्वतः घेऊन या, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत राहा. बाबांच्या समोर पेटी उघडा, त्यांना नुसता वास घेऊ द्या आणि आवडले का ते समोरासमोर विचारा. सशांची विल्हेवाट मी लावीन. भरीव असले तरी चालतील. दुधी खाऊन खाऊन माझी तत्त्वे फार अशक्त झाली आहेत.