कडेचे ठिपके

संत तुकाराम नगर, पिंपरी
१ मार्च १९८१

आदरणीय डॉ. हरिहर गोवंडे सर यांना पद्मा ओव्हाळचा नमस्कार.

तुमचे पत्र गुरुवारी मिळाले. मुंबईहून गोवंडेसाहेबांचे पत्र आलेय असे सांगितल्यावर आई म्हणाली, "येवढ्या वर्सांनी? मंग काम असंल कायतरी." आईचा अंदाज सहसा चुकत नाही.

इकडे सर्व ठीक. मी अजून कंपनीतच आहे. तुम्ही अमेरिकेला गेलात, आपला संशोधन विभाग बंद झाला आणि मला तपासणी विभागात टाकले. इंजेक्शनच्या कुप्यांत जंतू राहिलेत का ते पाहणे, एवढेच काम. गेल्या वर्षापासून विभाग माझ्या हाताखाली आहे. तुम्ही वडिलांची प्रकृती विचारलीत. ते दोन वर्षांपूर्वी गेले.

तुमचे नाव मोठ्या पारितोषिकासाठी सुचवले गेले, त्याबद्दल अभिनंदन. पण नेमक्या याच वेळी इंग्लंडमधल्या कुणी लिहिले आहे की तुमचा प्रयोग त्यांना जमत नाही, म्हणून तुम्हाला अडुसष्ट सालची मूळ वही हवी आहे. 'चुकून तुझ्याकडे राहिली असेल' असे तुम्ही लिहिता. चुकून नव्हे. विभाग मोडला तेव्हा ती रद्दीत चालली होती, मी उचलून घरी आणली.

त्या वहीत ३ ऑगस्टचे पान आहे. शनिवार होता. उंदराच्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या, त्यांना किरणोत्सारी खूण लावलेले द्रव्य द्यायचे, आणि पेशी डीएनए कुठे बनवतात ते फोटोच्या फिल्मवर उमटणाऱ्या काळ्या ठिपक्यांवरून ओळखायचे, हे काम दोन वर्षे मी करत होते. ठिपके पेशीच्या मधोमध, केंद्रकात दिसायचे. जगात सगळ्यांना तिथेच दिसायचे. त्या दिवशी मला ते पेशीच्या कडेलाही दिसले, ओळीने, जणू कुणी काठ शिवावा तसे. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात, काच सरकवून पुन्हा पाहिलेत. मग म्हणालात, "पद्मा, हे नवीन आहे. आपण दोघं लिहू."

आपण दोघं. देहूरोडच्या लष्करी डेपोत ओझी वाहणाऱ्या भिमाजी ओव्हाळच्या मुलीला या दोन शब्दांनी काय होते ते तुम्हाला कळणार नाही.

निबंध छापून आला तेव्हा वर एकच नाव होते. शेवटी कंपनीचे आभार होते, ग्रंथपालांचे होते, फोटो धुणाऱ्याचेसुद्धा होते. मी विचारायला आले तर तुम्ही हसून म्हणालात, "अगं, तुझा हात फार चांगला आहे. पण निबंध हाताने लिहीत नाहीत."

ती प्रत मी घरी नेली. का नेली, आजही सांगता येत नाही. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी धोतराला हात पुसले, पान उघडले आणि विचारले, "कुठं हाय गं तुजं नाव?" मी तुमच्या नावावर बोट ठेवले. त्यांनी त्यावरून बोट फिरवले, दोनदा. दुसऱ्या दिवशी ते प्रत डेपोत घेऊन गेले आणि मग कितीतरी महिने ज्याला त्याला दाखवत राहिले. एका कारकुनाने शेवटी वाचून सांगितले, "भिमाजी, ह्यात तुझ्या पोरीचं नाव कुठंच नाय." वडील घरी आले, प्रत माझ्या ट्रंकेत ठेवली आणि जेवायला बसले. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मला बोल लावला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी दरवर्षी एक रजा काढते. पुण्याला एका मोठ्या ग्रंथालयात जाते. कोणाच्या निबंधाचा आधार जगात कोणी कोणी घेतला याच्या जाड सूची तिथे येतात. अगदी बारीक टाइप, भिंग लागते. 'गोवंडे, १९६९' याखाली पहिल्या वर्षी नऊ नावे होती. चौऱ्याहत्तर साली एक्केचाळीस. परवापर्यंत सगळी मिळून तीनशे बारा. याच आकड्यावर तुम्ही मुंबईला परत येऊन संस्थेचे संचालक झालात. तुमची उन्नती माझ्याइतकी बारकाईने कुणी पाहिली नसेल.

वही मी पोस्टाने पाठवणार नाही. स्वतः येऊन घेऊन जा. पत्ता वर दिला आहे.

आपली एके काळची साहाय्यक,
पद्मा

*

संत तुकाराम नगर, पिंपरी
२० सप्टेंबर १९८१

डॉ. गोवंडे,

एप्रिलमध्ये तुम्ही आलात, आईच्या हातचा चहा घेतलात, वही घेतलीत. निघताना म्हणालात, "पद्मा, पुढच्या निबंधात तुझं नाव नक्की." मी गॅलरीत उभी राहून तुम्हाला गाडीत बसताना पाहिले. मला फार आनंद झाला होता. नाव येणार म्हणून नव्हे. तुम्ही आणखी एक पायरी चढलात म्हणून.

आता लिहिते.

कडेचे ते ठिपके पेशींचे नव्हते.

तुमचा निबंध येऊन दोन-तीन महिने झाले होते. तुम्ही फेलोशिपवर अमेरिकेत होता. मी एकटीच बाटल्या सांभाळत होते, आणि मला शंका आली. पेनिसिलिनला दाद न देणारे, साध्या सूक्ष्मदर्शकातून न दिसणारे अगदी लहान जंतू असतात. ते पेशींच्या अंगाला चिकटून राहतात आणि स्वतःचा डीएनए बनवत असतात. मी निम्म्या बाटल्यांत दुसरे औषध घातले. तीन आठवड्यांत त्या बाटल्यांतले कडेचे ठिपके गेले. उरलेल्यांत तसेच राहिले. तीन वेळा करून पाहिले. तुमचा शोध म्हणजे घाण झालेल्या बाटल्या होत्या.

हे सगळे दुसऱ्या वहीत आहे. ती मी तुम्हाला दाखवली नाही.

विभाग मोडताना मी गोठवून ठेवलेल्या पेशींमधून मागच्या वर्षी तो जंतू वाढवला आणि ओळख पटवायला बाहेर पाठवला. उत्तर आले: माणसाच्या तोंडात राहणारी जात. आठवते ना, आम्ही काचनळीत द्रव तोंडाने ओढायचो? नळीच्या टोकाला कापूस लावायचा असतो. तुम्ही ओरडायचात, "कापूस लावत बसू नकोस, वेळ जातो." तीनशे बारा लोकांनी ज्याचा आधार घेतला, ते माझ्या तोंडातून पडलेले होते. हे कळले त्या दिवशी मी तपासणी विभागाचे दार लावून हसले. किती तरी वेळ हसले.

सत्तर साली एक पत्र तुम्हाला लिहिले असते तर तुम्ही निबंध मागे घेतला असता. थोडी नाचक्की, मग सगळे विसरले असते. मी ते पत्र लिहायला घेतलेही होते. त्याच आठवड्यात वडील ती प्रत ट्रंकेत ठेवून जेवायला बसले. मी पत्र फाडले. ठरवले, चढू दे. माणूस जितका वर जाईल तितका पडताना लागेल. दरवर्षी सूचीत आकडा वाढला की मला दिवाळीसारखे वाटायचे.

इथवर लिहायला सोपे होते.

तुमची विद्यार्थिनी शैला आगटे सत्त्याहत्तर साली माझ्याकडे आली होती. तुम्हाला न सांगता आली. चिंचवडची मुलगी, वडील शाळेत मास्तर. माझ्या समोर बसून तिने दोन्ही तळवे उघडे केले आणि म्हणाली, "ताई, दोन वर्षं झाली. मला कडेचे ठिपके दिसतच नाहीत. सर म्हणतात माझ्या हातात दोष आहे. खरंच असेल का?"

तिचे हात स्वच्छ होते, म्हणून तिला ते दिसत नव्हते. तुमच्या प्रयोगशाळेत खरे काम तेवढे तिचेच चालले होते. मला एक वाक्य बोलायचे होते. मी म्हणाले, "सराव लागतो." आणि तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले.

आणखी दोन वर्षे तिने रात्रंदिवस तेच केले. मग तुम्ही तिला काढून टाकलेत. हल्ली ती चिंचवडला शिकवण्या घेते.

जुलैच्या सुरुवातीला पुण्याच्या परिषदेला मी आले होते, शेवटच्या रांगेत होते. तुम्ही माझ्या वहीची पाने पडद्यावर दाखवलीत. मी इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली तो तुमच्या पडण्याचा क्षण जवळ आला होता. तेवढ्यात कुणी विचारले, तुमच्याच विद्यार्थिनीला हे का जमले नाही? तुम्ही म्हणालात, "प्रयोगाला हाताची शिस्त लागते. ती सगळ्यांकडे नसते." सभागृह हसले. माझ्या पुढच्या तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली आणि खाली मान घालून बाहेर गेली. ती शैला होती.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी वही घेऊन तिच्या दारात गेले. सगळे सांगितले. ती वही वाचत राहिली. तिची आई पोहे ठेवून गेली, ते कुणी खाल्ले नाहीत. शेवटी ती म्हणाली, "मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

"सरांना निदान ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. ते आपले भोळेपणाने चुकले. तुम्हाला मी समोर दिसत होते."

मी म्हणाले, सूड मला त्यांच्यावर घ्यायचा होता. ती म्हणाली, "घेतलात माझ्यावर."

मग ती उठली, तिच्या चार वर्षांच्या वह्या आणून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "लिहायचं तर माझ्या स्वच्छ बाटल्यांशिवाय तुमचं सिद्ध होणार नाही. लिहू. पण मला ताई म्हणायला लावू नका."

आम्ही लिहिले. ओळीने चार रविवार, तिच्या घरी, कामापुरते बोलून. अडीच पानांचा निबंध ज्या नियतकालिकात तुमचा आला होता तिथेच पाठवला. परवा स्वीकारल्याचे पत्र आले, डिसेंबरच्या अंकात येईल. पहिले नाव शैला आगटे, दुसरे माझे. यापुढे 'गोवंडे, १९६९' लिहिणाऱ्याला शेजारी आम्हालाही लिहावे लागेल, आणि तो आकडाही मी मोजणार आहे. पारितोषिक समितीला एक प्रत आजच टपालात पडते आहे. कंपनीला मी माझे मौनही लेखी कळवले आहे. जंतू शोधण्याच्या खुर्चीवर बसलेल्या बाईने अकरा वर्षे एक जंतू लपवला, हे त्यांना कळायला हवे. खुर्ची राहील असे वाटत नाही.

तुम्हाला हे छापून येण्याआधी कळवायचे असे शैलाने सांगितले, मी नव्हे. मला तुम्ही ते अंकातच वाचायला हवे होते, सगळ्यांबरोबर, सगळ्यांसमोर.

तुमचे वाटोळे होईल त्याचे मला अजिबात वाईट वाटत नाही. ते खोटे लिहिणार नाही. पण शैला आता दार उघडते तेव्हा माझ्याकडे पाहत नाही, आत वळते आणि वह्या आणायला जाते.

उत्तर पाठवू नका.

जय भीम.

पद्मा भिमाजी ओव्हाळ