घरचं दूध

औरंगाबाद,
१२ जानेवारी १९८७

चि. तुळजास केशरआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. कार्यानुभवाच्या तासाला तू शिकवतेस त्या सातवीची मुलं कागदी पंखे करतात, हे वाचून मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पंखे! पाऊस नाही, वीज नाही, म्हणून वारा घालायला की काय? आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी आमच्याकडून गायीची चित्रं रंगवून घेतली, पण गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. पुढं मी मुख्याध्यापिका झाले तरी म्हैस कुठल्या बाजूनं पिळतात हे मला कळलं नव्हतं. तुझ्या मुलांचं तसं करू नकोस.

गावातली पिकं गेली, तरी दूध संस्था चालू आहे ना? तिचा चेअरमन तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, आहे ना? मग फळ्यावर कशाला लिहीत बसतेस? दुधात सोडायची काचेची नळी एस.टी.च्या पार्सलनं पाठवली आहे. पाणी घातलेल्या दुधात ती खोल बुडते, चांगल्या दुधात वर राहते. प्रत्येक मुलाला घरचं दूध आणायला सांग आणि नळी त्याच्याच हातानं सोडू दे. हाताला कळलं की डोक्याला कळतं.

वहिनीला नमस्कार. मोहनला म्हणावं, चेअरमन झालास तरी आक्काला चार ओळी लिहायला हात दुखत नाहीत. लोभ आहेच; तो टिकवायचा तर आधी अक्षर सुधार.

तुझी आत्या,
केशर


वाडी, दिंद्रुडजवळ,
२५ जानेवारी १९८७

ती. केशरआत्यास तुळजाचा सा. न. वि. वि.

नळी न फुटता आली. तुमच्या सांगण्याप्रमाणे मुलांना म्हटलं, उद्या घरचं दूध आणा. कुणी लोटीत आणलं, कुणी पेल्यात. चेअरमन म्हणून आमच्या दादांनाच पाहुणे बोलावलं होतं. संस्थेचे सेक्रेटरी राधाकिशनही आले. नळीवरच्या आकड्याला इथं डिग्री म्हणतात. आपली बाईबी डिग्रीवाली अन् आपली म्हैसबी डिग्रीवाली, असं मागल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि दादासुद्धा हसले. इतका चांगला तास माझ्या हातून कधी झाला नव्हता.

शेवटी कडूची पाळी आली. ही साखराबाईची मुलगी. बाप मेंढरं घेऊन चाऱ्यामागं परमुलखात गेलाय, घरी ह्या दोघी मायलेकी आणि एक म्हैस. कडूनं नळी सोडली आणि ती थेट तळाला टेकली. सगळा वर्ग ओरडायला लागला, पाणी, पाणी! मी गप्प करेपर्यंत कडू लोटी टाकून पळून गेली होती.

मला वाटलं, विषय तिथंच संपला. पण संध्याकाळी संस्थेच्या दूध केंद्रावर साखराबाईचं दूध घेतलं नाही. बाहेरच्या फळ्यावर भाव लिहितात, त्याच्या खाली तिचं नाव आणि पुढं भेसळ असा शब्द लिहिलाय. दादा म्हणतात, राधाकिशनला वर्षभर जे जमलं नाही ते शाळेनं एका तासात केलं. कडू तेव्हापासून शाळेत नाही. तिची लोटी माझ्या कपाटात आहे आणि कपाट उघडायचं माझ्या जिवावर येतं. मी काय करू, ते कळवा.

लोभ असावाच, पण या खेपेला सल्लाही असावा.

आपली,
तुळजा


औरंगाबाद,
३० जानेवारी १९८७

चि. तुळजास अ. उ. आशीर्वाद.

तुझं रडगाणं वाचलं. अगं, प्रयोग म्हणजे काय हळदीकुंकू आहे, सगळ्यांना खूश करून घरी पाठवायला? नळीला जात नाही, नातं नाही, दया नाही. म्हणून तर ती खरं बोलते. दुष्काळ सगळ्यांनाच आहे. दुष्काळ आहे म्हणून दुधात पाणी घालायचं, तर मग संस्था काढायची कशाला? मुलीचं वाईट वाटतं. पण आईनं केलेली लबाडी तिला आज कळली हे बरंच झालं. मोहननं नाव लिहिलं ते योग्य केलं. हे पत्र त्यालाही दाखव.

डोळे पूस आणि पुढचा तास मातीचा घे. माया कमी झाली असं समजू नकोस, फक्त आवाज चढला आहे.

तुझी आत्या


वाडी,
९ फेब्रुवारी १९८७

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दादांना दाखवलं. त्यांनी ते केंद्राच्या ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. आक्का शिकलेली, तीच म्हणतेय म्हणाले. साखराबाई तेव्हा दुधाची कासंडी घेऊन पायरीशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि पदर पुढं ओढून निघून गेली. आता ती दूध दिंद्रुडच्या हॉटेलवाल्याला घालते. तो देईल ते घ्यायचं.

काल मी लोटी परत द्यायला गेले. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून आईनं आमच्या म्हशीचं निरसं दूध भरून दिलं. साखराबाई धार काढून उठतच होती. मी लोटी कडूच्या हातात दिली आणि म्हटलं, पी. तिनं लोटी घेतली, आतलं दूध हॉटेलला घालायच्या कासंडीत ओतलं, मग रांजणातलं घोटभर पाणी लोटीत घालून ती विसळली आणि ते पांढुरकं पाणी पिऊन टाकलं. तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, मी सांगितलं तेच तिनं केलं.

मी साखराबाईकडं बघितलं. ती म्हणाली, अवो बाई, आसं कावून बघता? हेच घरचं दूध. टँकरचं पानी हाय, भांडं विसळून फेकायचं व्हय? तुमी घरचं आना म्हनलात, म्या घरचं दिलं. चांगलं पायजे व्हतं तर केंद्राचं आन म्हनायचं व्हतं.

आत्या, संस्था झाल्यापासून या आळीत दूध दोन तऱ्हेचं आहे. केंद्राचं आणि घरचं. मी याच गावात वाढले आणि मला माहीत नव्हतं, कारण आमच्याकडं दूध एकच. वर्गानं जिच्यावर पाणी, पाणी म्हणून ओरडा केला, ती आपल्या वाट्याचं दूध घेऊन आली होती. केंद्राच्या दुधात त्या बाईनं कधी थेंब घातला नाही.

दादांना हे सांगितलं. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, आता नाव पुसलं तर लोक म्हणतील चेअरमन लेकीचं ऐकतो. आणि आक्काचं पत्र मी चारचौघांत वाचलंय त्याचं काय?

तेव्हा नाव तुमच्या पत्रानं अडलंय. लोभ मागायला आज तोंड नाही.

तुळजा


औरंगाबाद,
१३ फेब्रुवारी १९८७

चि. तुळजास आशीर्वाद.

घरचं दूध हे शब्द माझे होते. इथं बसून, दुधाचा चहा पिता पिता लिहिलेले. तुझं पत्र आल्यापासून तो कप मी उचलते आणि खाली ठेवते. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींचे कान धरले, आता माझे कान धरायला कुणी हयात नाही, म्हणून तुला लिहिते आहे: मला लाज वाटते.

सोबतचा कागद मोहनसाठी आहे. त्याच ओट्यावर, तितक्याच मोठ्यानं वाचायचा. त्यात लिहिलं आहे की केशरबाईनं न बघता एका बाईला लबाड म्हटलं आणि ते खोटं होतं. मोहनचा आवाज बसला असेल तर तू वाच. मी २२ तारखेला, रविवारच्या गाडीनं येते. फळ्यावर नाव तसंच दिसलं तर माझ्या पदरानं पुसीन. मग चेअरमनची अब्रू काय ती तिथं बघून घेऊ.

साखराबाईला विचारून ठेव, मी तिच्याकडं चहाला आले तर चालेल का. घरच्या दुधाचा. तोच पिणार आहे.

केशर


वाडी,
१९ फेब्रुवारी १९८७

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचावं. कागद दादांनीच वाचला. दोनदा अडखळले, पण शेवटपर्यंत वाचला. मग ओलं फडकं मागवून स्वतः नाव पुसलं. म्हातारे आप्पा पायरीवरून म्हणाले, चेअरमनसाहेब, पानी जपून, ते फडकं पिळून म्हशीला पाजा. लोक हसले, दादा हसले नाहीत. साखराबाईचं दूध संध्याकाळपासून घेतात. तिनं राधाकिशनला नळी आधी इतर सगळ्यांच्या दुधात सोडायला लावली आणि मग स्वतःची कासंडी पुढं केली.

कडू शाळेत येते. मी वर्गासमोर तिची माफी मागितली. तिनं मान हलवली, पण कार्यानुभवाचा तास म्हटलं की हात पाठीमागं घेते.

चहाचं विचारलं. साखराबाई म्हणाली, येऊ द्या की, आत्याबाईला म्हनावं ग्वाड चहा करते. पन घरच्या दुधाचा न्हाई व्हायचा. पावन्याला घरचं दूध कुनी देतं का?

त्या दिवशी केंद्रावर तिचं दूध तेवढं कमी जाईल. नको म्हणू नका, आत्या. पिऊन टाका. मी सोबत असेन.

आपली,
तुळजा